पाठ झालेला डोळा

गल्लीतली माणसं त्याला बुबुळकाका म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. धंदाच तसा होता. ज्यांचा डोळा गेला त्यांना तो डोळा करून द्यायचा. दिसणारा नव्हे, दुसऱ्याला दिसेल असा. लोकांना वाटतं असा डोळा म्हणजे गोटी असते. तसं नसतं. शिंपल्याएवढी पातळ वाटी असते, पापणीखाली सरकवायची. पांढऱ्या भागावर लाल दोऱ्याचे उसवलेले तंतू चिकटवून शिरा करायच्या, मधे बुबुळ रंगवायचं, वर पारदर्शक थर चढवून उकळत्या पाण्यात पक्का करायचा आणि ओल येईल इतका घासायचा. कोरडा डोळा मेलेला दिसतो, ओला डोळा बघतो.

रंगवताना गिऱ्हाईक समोर बसलेलं लागे, खिडकीकडे तोंड करून. काका एक फराटा मारी, वर बघे, पुन्हा एक फराटा. अनोळखी माणसाच्या शाबूत डोळ्यात इतका वेळ बघणं सोपं नाही. काही जण मधेच रडत. काका थांबे आणि म्हणे, "रडून घ्या, लाली उतरली की पुढचं बघू."

लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरात भांड्यांचा आवाज होता. आई गेली आणि घर इतकं शांत झालं की फ्रीज सुरू झाला तरी तो दचके. त्याच सुमारास एका गिऱ्हाइकानं सहज सांगितलं, "काका, हल्ली गेममधल्या माणसांचे डोळे बघा. तुमची छुट्टी होईल." काकाला राग आला आणि उत्सुकताही वाटली. त्यानं गेमचं यंत्र आणलं ते खेळायला नाही, डोळे तपासायला. हे तो पुढे सगळ्यांना सांगे, आणि ते खरंही होतं.

गेममध्ये एक धुक्यातलं गाव होतं. गावात उंच खांबांवर दिवे, आणि ते पेटते ठेवायचे एवढंच काम. दिवा विझला की धुकं आत येई आणि तेवढी गल्ली गिळून टाकी. गावाच्या वेशीवर एक बाई उभी असायची. खेळणारा आत शिरला की ती मान वळवून बघे आणि म्हणे, "आलास?"

तिचे डोळे राखाडी होते, खालच्या कडेला गंजासारखा एक ठिपका. पहिल्या दिवशी काका दिव्यांकडे गेलाच नाही. वेशीवर उभा राहून तिच्या डोळ्यातली ओल कुठून येते ते शोधत राहिला. सापडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायला गेला.

दिवे एकट्यानं राखता येत नाहीत, म्हणून टोळी लागते. त्याच्या टोळीत दोघं होती. एक मास्तर, म्हणजे मोटार शिकवणारा. दुसरी वहिनी, शाळांचे गणवेश शिवणारी. ती कुणाची वहिनी हे कुणी विचारलं नव्हतं. कानाला हेडफोन लावून तिघं बोलत. प्रत्यक्षात कधी भेटली नव्हती, पण कुणाला सर्दी झाली की आवाजावरून बाकीच्यांना कळे. पाळ्या लावलेल्या होत्या. एक जण जेवायला उठला की दुसरा त्याचा दिवा सांभाळी. हळूहळू जेवण दिव्यांच्या वेळेला होऊ लागलं, अंघोळही. दुकानाची फळी उशिरा उघडू लागली. खिडक्यांचे पडदे दिवसा ओढलेले राहू लागले, कारण उजेडात खेळातलं धुकं नीट दिसत नसे.

काकाची एक भाची होती, ताईची मुलगी. तिला तो मनी म्हणे. तान्हेपणी दुखणं होऊन तिचा डावा डोळा काढावा लागला, आणि तेव्हापासूनचे तिचे सगळे डोळे मामानं केलेले. चेहरा वाढला की डोळा लहान पडे, मग नवा. पहिला तर बोटाच्या नखाएवढा होता. आता मनी मोठी झाली, शिक्षिका झाली. शाळा सुरू व्हायच्या आत नवा डोळा हवा होता, कारण जुना सैल होऊन कधीकधी नाकाकडे फिरे.

"वर्गातली पोरं धडा बघत नाहीत मामा, बाईंना बघतात," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी डोळा फिरला तर मी वर्षभर 'चकणी बाई' होईन. आणि मग मी ती शाळा सोडीन, हे मला आत्ताच माहितीये."

"माझ्या हातचा डोळा आणि फिरेल? ताई, हिला काहीतरी समजाव."

"तू आधी दाढी कर," ताई म्हणाली. "भुतासारखा दिसतोयस."

मनी खुर्चीत बसली, खिडकीकडे तोंड करून. काका रंगवायला लागला. त्या दिवशी काम सुरेख झालं. हात थरथरला नाही, रंग पुन्हा मिसळावा लागला नाही. असं वाटत होतं की कुणीतरी हाताला धरून रंगवून घेतंय.

डोळा तयार झाला तेव्हा ताई आणि मनी दुकानात आल्या. मनीनं तो घातला, पापणी मिटली, उघडली. अगदी बरोबर बसला होता. काका म्हणाला, "वा!" कितीतरी दिवसांत त्याला इतका आनंद झाला नव्हता.

मनी आरशासमोर जाऊन उभी राहिली. मग आरशातूनच विचारलं, "मामा, ही कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"ह्या डोळ्याची बाई."

ताई जवळ आली, बघितलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला. काकाला कळेना. तो एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघत होता आणि दोन्ही त्याला सारखेच दिसत होते. "उजेडात ये," तो म्हणाला. मनी खिडकीशी आली, मान किंचित वळवली, आणि तेव्हा त्याला दिसलं. उजवा डोळा तपकिरी, आतून मधासारखा. डावा राखाडी. खालच्या कडेला गंजाचा ठिपका.

दुसऱ्या कुणाला त्या क्षणी भीती वाटली असती. काकालाही वाटली, पण नंतर. आधी मनात आलं, ही इथे कशी आली? आणि त्या येण्याचा त्याला आनंद झाला. मनी मान वळवून त्याच्याकडे बघत होती, आणि तो वाट बघत होता, ती आता 'आलास?' म्हणेल म्हणून.

"मी समोर बसले होते ना," मनी म्हणाली, "तेव्हा तू एकदाही वर बघितलं नाहीस. मला वाटलं, मी तुला पाठ आहे."

तिनं तो डोळा काढून रुमालात गुंडाळला आणि जुना सैल डोळा पुन्हा घातला. जाताना ताई एवढंच म्हणाली, "माझी पोर आहे रे ती." 

दुपारी घरी येऊन त्यानं यंत्र लावलं. दुसरं कुठे जाऊन सांगणार होता? वेशीवरच्या बाईनं मान वळवली, "आलास?" तो तिच्याकडे न बघता आत गेला. दिव्याखाली मास्तर आणि वहिनी होती. त्यानं झालं ते सांगितलं.

मास्तर आधी हसला. "काका, तुम्ही पण! एक रंग चुकला म्हणजे काय जग बुडालं? मी रोज गिअर चुकवणारी माणसं बघतो."

"चुकला नाही मास्तर. मला चूक दिसलीच नाही. हे व्यसन आहे का हो?"

"व्यसन म्हणजे दारू. व्यसनी माणूस घरची भांडी विकतो. आपण काय विकलं?"

"विकलं नाही," वहिनी म्हणाली. "इथे आणून ठेवलंय." मग म्हणाली, "मागच्या आठवड्यात गणवेशांचा गठ्ठा परत आला. सगळ्या सदऱ्यांना दोन्ही बाह्या डाव्या. मी शिवल्या, मीच इस्त्री केल्या, घड्या घातल्या. मुलीला म्हटलं, कापणाऱ्याची चूक. कापणारी मीच आहे."

हेडफोनमध्ये मास्तरच्या घरातला पंखा ऐकू येत होता. "काल एक बाई शिकायला होत्या," तो म्हणाला. "सरळ रस्ता, भर उजेड. मी म्हणालो, पुढचा दिवा राखा, विझतोय. त्या म्हणाल्या, कुठला दिवा? मी बोट दाखवलं. तिथे एक म्हातारा रस्ता ओलांडत होता."

"मग?"

"त्यांनी ब्रेक लावला. मी नाही."

तिघांनीही हात बाजूला ठेवले असावेत, कारण पडद्यावरची त्यांची तीन माणसं दिव्याखाली निश्चल उभी होती, एकमेकांकडे तोंड करून. धुकं खांबाच्या पायाशी आलं होतं.

"सोडायला हवं," वहिनी म्हणाली.

"सोडलं तर दिवे कोण राखणार?"

हे इतक्या काळजीच्या आवाजात कुणीतरी विचारलं की क्षणभर तिघंही खरंच विचारात पडली.

"हे कोण बोललं?" वहिनीनं विचारलं.

"मी नाही," मास्तर म्हणाला. "मला वाटलं तुम्ही."

आपलं तोंड उघडं आहे आणि जीभ कोरडी पडली आहे, हे काकाच्या तेव्हा लक्षात आलं.

शेवटी वहिनी म्हणाली, "कायमचं सोडा असं मी कुणाला सांगत नाही. मलाच जमेल का, ठाऊक नाही. पण काका, त्या पोरीचा डोळा होईतो येऊ नका. आलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी."

"आणि तुम्ही?"

"मला बाह्या उसवायच्या आहेत," ती म्हणाली आणि निघून गेली. या खेळात माणूस निघून गेला तरी त्याची आकृती तिथेच राही. वहिनीची आकृती डोळे उघडे ठेवून दिव्याखाली तशीच उभी राहिली.

काकानं यंत्राची वायर काढून ताईच्या हातात दिली. ताईनं ती कणकेच्या डब्यामागे ठेवली. पण यंत्र बंद झाल्यानं धुकं बंद झालं नाही. चहाच्या वाफेत ते दिसे. दुकानाच्या खणात जुने नमुन्याचे डोळे रांगेनं ठेवलेले असत. खण ओढला की ते किंचित गडगडत आणि त्याच्याकडे वळत, नेहमीच वळत आले होते. आता तो खण ओढताना 'आलास?' ऐकू येतं का म्हणून कान देई.

मनी पुन्हा बसायला आली. खुर्चीत बसताच तिनं सांगितलं, "ह्या वेळी माझा नियम. तू खाली बघितलंस की मी म्हणणार 'वर'. मग वर बघायचं, मगच फराटा."

"शाळा सुरू झाली वाटतं बाईंची."

"वर," मनी म्हणाली.

असं चाललं. फराटा, वर, फराटा, वर. ताई कोपऱ्यात भाजी निवडत होती, ती म्हणाली, "विहिरीतून बादली काढताय का रे?" तिघंही हसली. मग एकदा मनी 'वर' म्हणाली आणि काकानं वर बघितलं तर तिचा उजवा, खरा, जिवंत डोळा राखाडी होता. त्याखाली गंज होता.

त्यानं डोळे चोळले नाहीत. कुंचला पाण्यात ठेवला. "मनी," तो म्हणाला, "मला आत्ता तू दिसत नाहीयेस."

ताईचे हात थांबले. इतक्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. चुकीचा रंग पुसून खोटं हसणं त्याला सहज जमलं असतं.

मनीनं खुर्ची पुढे ओढली. त्याची हनुवटी धरली, लहानपणी तो तिची धरत असे तशी. "मग दिसेपर्यंत बसू," ती म्हणाली. "मला घाई आहे, पण बसू."

दोघं बसून राहिली. खिडकीतला उजेड तिच्या गालावरून कानाकडे गेला. तो राखाडी डोळा त्याच्याकडे बघत होता आणि तो त्याच्याकडे. समोरचा डोळा मिटला, उघडला. वेशीवरची बाई कधीच पापणी मिटत नसे, हे त्याला आत्ता आठवलं. पुन्हा मिटला. पापणीला एक केस चिकटला होता. राखाडीतून तपकिरी वर आलं, हळूहळू, गाळ खाली बसल्यासारखं. आणि बुबुळाच्या आत, काळ्या भागाला लागून, एक हिरवट कडा दिसली.

"हे हिरवं कधीपासून?"

"कधीचंच आहे," मनी म्हणाली. "दहावीच्या फोटोत पण दिसतं."

म्हणजे आधीचा, आता सैल झालेला अख्खा डोळाही त्यानं न बघता केला होता, खेळ यायच्या आधी. तेव्हाही ती समोर बसली होती. त्यानं कुंचला उचलला. मनीला 'वर' म्हणावं लागलं नाही, कारण त्यानं खाली बघायचं जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

डोळा घातला तेव्हा ताई म्हणाली, "सारखे." मनी आरशासमोर उभी राहिली, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "आता मी आहे," ती म्हणाली. काकाला खात्री नव्हती. त्याला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला.

निघताना तिनं पर्समधून रुमाल काढला. आत तो राखाडी डोळा होता. "ह्याचं काय करायचं?"

"दे इकडे. घासून टाकतो."

हे म्हणताना त्याचा हात पुढे गेला होता. तो जरा जास्तच लवकर पुढे गेला, हे दोघांनीही बघितलं. मनीनं रुमालाची गाठ पुन्हा मारली. "तुझ्याकडे नको," ती म्हणाली, आणि घेऊन गेली. तिनं तो कुठे टाकला हे त्यानं विचारलं नाही. विचारावंसं वाटे, विशेषतः दुपारी.

शाळा सुरू झाली. पहिल्या आठवड्यानंतर तो ताईकडे जेवायला गेला. दार मनीनं उघडलं. मागे स्वयंपाकघरात वाफ होती, ती तिच्या खांद्यावरून बाहेर येत होती.

"आलास?" ती म्हणाली.

त्याचा पाय उंबऱ्याबाहेरच राहिला. त्यानं आधी तिच्या उजव्या डोळ्यात बघितलं, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या.

"आत ये ना. काय बघतोस?"

"पापणी मिट एकदा," तो म्हणाला.