कुव्यातल्या गाडीसाठी डबा

"आबा, मी मझार बसीसन देखस," असं म्हणून तो ट्रॉलीत शिरायचा आणि आतून दाराचा पल्ला ओढून घ्यायचा. मझार म्हणजे आत. तुम्हीआम्ही ट्रॉली घ्यायला गेलो तर चाकं बघू, पत्र्यावर टिचकी मारू, भाव पाडून मागू. हा अंधारात उकिडवा बसायचा आणि आतून ओरडायचा, "जोडा जीपला! चांगल्या रस्त्यानं नका नेऊ!"

धुळ्याला माझं ट्रॉल्या बनवायचं दुकान आहे. चौथीत शाळा सोडली ती सोडली, पण माझी ट्रॉली सांध्यातून उकलली असं सांगायला आजवर कोणी आलेलं नाही. त्यामुळे गिऱ्हाईक मला शिकवायला लागलं की मी त्याला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवतो. यालाही दाखवला होता. तो गेला नाही.

सगळे त्याला भाऊ म्हणायचे. वयानं माझ्या मुलाएवढा, पण मीही भाऊच म्हणायचो. जत्रेत तुम्ही मौत का कुआ बघितला असेल. फळ्यांची उभी गोल विहीर, लोक वरून वाकून बघतात आणि एक जण आतल्या भिंतीवर फटफटी आडवी पळवतो. हा तो एक जण. भिंतीवर असताना हात सोडून कपाळावरचा घाम पुसायचा. लोकांना वाटायचं, खेळातलंच आहे. मी विचारलं तर म्हणाला, "नाही आबा, डोळ्यात जातो खरंच."

त्याला बंद ट्रॉली का हवी होती, ते सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, फटफटी न्यायला एवढा खटाटोप कशाला, टेम्पोत घाला आणि दोरी बांधा.

तसंच केलं होतं त्यानं. चाळीसगावच्या बाजूला जत्रा होती आणि गाडीचं इंजिन जाम झालं. टेम्पोत आडवी घालून, दोरीनं आवळून त्यानं ती धुळ्याला मिस्त्रीकडे पाठवली आणि स्वतः मागून एसटीनं निघाला. त्याचं गाव याच रस्त्यावर. टेम्पोवाला नेमका तिथल्या फाट्यावर चहाला थांबला. गाववाल्यांनी गाडी ओळखली. गाडी आहे, हँडल वाकलेलं आहे, माणूस नाही. आमच्याकडे टेम्पोत आडवी घातलेली फटफटी दिसली की लोक दुसरं काही विचारत नाहीत. त्यातून हा कुव्यातला.

टेम्पोवाला चहा पिऊन निघून गेला. त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. अशा वेळी विचारणं बरं दिसत नाही ना.

भाऊ दुपारी एसटीतून उतरून गल्लीत आला तर दारात माणसं बसलेली, आत बायांचा आवाज. तोही चपला काढून शेवटच्या माणसाशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "कोन गया रे?"

शेजारच्यानं वळून बघितलं आणि बसल्या जागीच मागे कलंडला.

ही हकिकत तो मला हसत सांगायचा. एकच भाग हसत सांगायचा नाही. आत जाऊन बघतो तर त्याच्या चुलतीनं बायकोच्या एका हातातल्या बांगड्या फोडल्या होत्या. मनगटाला काच लागून रक्त आलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. रडणं थांबलं तिचं. दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तिनं सांगितलं, "तुम्ही कुवामा फिरा. मी कधी नही म्हनेल नही. पन रिकामी गाडी परत ह्या गावमाथून गयी, ते तुमना कुवा बंद."

ती बोलली म्हणजे बोलली. आणि कुव्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेती नाही, दुकान नाही. जत्रा बदलली की गाडी गावावरूनच जायची, घरी चार दिवस ठेवायची तर गल्लीतूनच न्यायची. म्हणून आमचा शोध सुरू झाला.

पहिला डबा भुसावळला भंगारवाल्याकडे बघितला. कोणा आचाऱ्याची भांडी न्यायची ट्रॉली होती. उंच, आत माणूस सरळ उभा राहील. मला पसंत होती. भाऊ आत बसला, मी जीप जोडून एक चक्कर मारली. पल्ला उघडला तर तो खाली उतरून आधी रस्त्याच्या कडेला गेला आणि ओकला. तोंड पुसत म्हणाला, "हाऊ डबा डोलस. गाडी उभीच नही ऱ्हावाव."

दुसरा चाळीसगावला, दूधवाल्याचा. भिंती जाड, एक फट नाही. मी म्हटलं, हा घे, धूळसुद्धा शिरणार नाही. त्यानं पेट्रोलचं डबडं मागून घेतलं, झाकण उघडं ठेवून आत बसला आणि पल्ला लावायला सांगितलं. थोड्या वेळानं आतून थाप आली. डोळे लाल, पाणी वाहतंय. "गाडीच्या टाकीचा असाच वास येत राहील आबा. कोणी बिडी पेटवून पल्ला उघडला तर?"

मी चिडलो. तसा मी लवकर चिडतो. "मग मी बनवतो! आणि माझ्या ट्रॉलीत बसून बघायचं नाही, सांगून ठेवतो."

"बरं आबा," म्हणाला, आणि बसलाच.

बनवताना भांडण झालं ते आसावरून. मी म्हणत होतो दोन आस लावू, चार चाकं, डबा कधी पुढेमागे झुकणार नाही. तो म्हणे एकच आस लावा. जत्रेच्या गर्दीत जीप सोडून डबा हातानं वळवावा लागतो, चार चाकांचा वळत नाही. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. मग एकच आस लावला, जरा मागे सरकवून, म्हणजे वजन हुकावर बसतं. हे मागे सरकवणं माझं होतं, त्याचं नव्हे. डबा बुटका ठेवला. खाली आणि वर समोरासमोर जाळीची भोकं दिली, वास निघून जावा म्हणून. पुढचं चाक अडकायला खोबण, बांधायला जमिनीत चार कड्या. मागचा पल्ला खाली पाडला की त्यावरूनच गाडी आत चढते.

तो आत बसून आला तेव्हा कपाळाला खोक पडली होती.

"काय झालं?"

"काही नाही. बोल्टाचं तोंड आतल्या बाजूनं आलंय."

"माझ्या ट्रॉलीत माणूस बसत नसतो!"

"बरोबर शे आबा," म्हणाला, आणि रुमाल कपाळाला धरून उभा राहिला. मी बोल्ट उलटे केले.

डबा पहिल्यांदा गावातून गेला तेव्हा कोणी मान वर केली नाही. पत्र्याचा डबा, त्यात काय, कोणाला ठाऊक. पुढे लोकांना माहीत झालं, पण बंद डबा बघून कोणी रडायला बसत नाही. कधी भाऊ जीप चालवायचा, कधी दुसरं कोणी, आणि तो मागून एसटीनं. बायको बांगड्या भरून बिनघोर राहिली. जत्रांमागून जत्रा गेल्या.

यंदा जळगावच्या बाजूच्या जत्रेत डब्याखालचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंग, तुटला म्हणून मी तिथे गेलो होतो. रात्रीच नवा बसवला. सकाळची वेळ, खेळ सुरू व्हायचा होता. भाऊ कुव्याच्या पायरीवर बसून दाढी करत होता. छातीत कळ आली म्हणाला आणि आरसा बाजूला ठेवला. दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं. कुव्यात नाही, गाडीवर नाही, पायरीवर.

कुव्याचा मालक म्हणाला, "आबा, तुम्ही मोठे. तुम्ही पुढे व्हा. अशी गोष्ट फोनवर सांगू नये." त्याला घेऊन दवाखान्याची गाडी मागून येणार होती. मी फटफटी डब्यात चढवली, डबा जीपला जोडला आणि निघालो.

गावात शिरलो. ओट्यावरच्या माणसांनी हात केला, मी केला. एकानं विचारलं, "आबा, चहा?" कोणी उठलं नाही, मागे आलं नाही. डब्यानं आपलं काम चोख केलं होतं. मी बनवलेलाच तो. गल्ली अगदी रोजच्यासारखी होती, म्हणजे सांगणारा मी एकटाच.

ती अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. जीप बघून हसली. "आज गाडी तुम्ही लयनात का आबा? त्या मागून एस्टीमा येतस ना?"

तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि पुन्हा खाटेकडे वळली. एक बिबडा उलटून बघितला, अजून ओला होता. मी तांब्या खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिलो. ती वाकलेलीच होती. पुढचा बिबडा उलटत होती.