साखर न खाणाऱ्या मुंग्या

मुंगी होऊन साखर खावी, असं म्हणतात. ज्यानं कुणी म्हटलं त्यानं माझ्या मुंग्या बघितलेल्या नव्हत्या. त्या साखरेला तोंड लावत नाहीत. गुळाला नाही, मधाला नाही, शेंगाचटणीच्या तेलालासुद्धा नाही. आणि सोलापुरात राहून शेंगाचटणीला नाही म्हणायचं म्हणजे लई धाडस लागतं.

मला त्या गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीखाली सापडल्या. कुंडी सरकवली तर खालच्या ओलीत रव्याच्या कणाएवढं काहीतरी तांबूस हलत होतं. बोट जवळ नेलं की जागच्या जागी थिजायचं, मेल्यासारखं. भिंग आणून बघितलं तर पिंपळपानासारखं डोकं आणि पुढं दोन लांब जबडे. मी जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर राहणारी, सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारी, पन्नाशी गाठलेली बाई. तोवर मला मुंग्या म्हणजे काळ्या आणि तांबड्या, एवढंच ठाऊक.

फोटो काढले आणि मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या एका माणसाला ईमेल केली. त्यानं चार ओळी पाठवल्या. ह्या जातीबद्दल फारसं कुणाला माहीत नाही, नाव नक्की सांगता येणार नाही, डब्यात ठेवल्या तर दोन-तीन महिन्यांत मरतात, घरी पाळायच्या भानगडीत पडू नये.

पडू नये! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. स्कूटी शिकताना, खात्याच्या परीक्षेला बसताना, प्रत्येक वेळी कुणीतरी हेच सांगितलेलं. मी त्याच संध्याकाळी मिठाईच्या पारदर्शक डब्यात प्लास्टर ओतलं, त्यात खळगे केले आणि राणीसकट सगळ्या आत घेतल्या. सोलापूरचा उन्हाळा त्यांना सोसायचा नाही म्हणून डबा ठेवला स्वयंपाकघरात, माठाच्या तिवईखाली. घरातल्या काळ्या मुंग्या आत शिरू नयेत म्हणून तो पाण्याच्या ताटलीत उभा केला. आमचे हे म्हणाले, "लोक मुंग्या घालवायला खडू आणतात, आमच्या हिनं मुंग्यांना मुंग्यांपासून सांभाळायचं काढलंय." म्हटलं, म्हणा.

दोन आठवडे त्या काही खाईनात. मला रडू यायचं बाकी होतं. मग कुंडीतली चिमूटभर माती आत टाकली. त्या मातीत पांढरे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे, टुणटुण उड्या मारणारे किडे असतात. एक किडा मुंगीच्या पुढ्यात आला आणि खटकन जबडे मिटले. हे खातात होय! मग मी दुसऱ्या डब्यात ओल्या कोळशावर तांदळाचे दाणे टाकून ते किडे वाढवायला लागले.

आणि नेमकं ते अत्तींनी बघितलं.

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. अक्कलकोटकडच्या, वय पंचाहत्तर, गळ्यात इष्टलिंग. आमच्या घरात अंडं सोडाच, अंड्याचं नाव काढलेलं चालत नाही. रोज पूजा झाली की त्या तीन जिने उतरून खाली भिंतीपाशी मुंग्यांना साखर घालून यायच्या, गुडघे कितीही दुखोत. जीव कोंडून ठेवणं पाप, असं त्या आधीपासून म्हणतच होत्या. आता त्यांनी भिंगातून शिकार बघितली.

"शिवा शिवा! ह्या मांस खात्यात की!"

"व्हय."

"आन् त्या देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून?"

"अत्ती, मुंग्यांनी दीक्षा घेतलेली नाही."

"वळण लावलं की माणूस सुधरतंय. मुंगीचं काय घेऊन बसलीस?"

"तुमच्या मुलाला लागलं का वळण?"

ह्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

मे महिन्यात भाचीच्या डोहाळेजेवणाला मी दोन दिवस कुर्डुवाडीला गेले. परत आले तर डबा ओट्यावर कोरड्यात ठेवलेला, झाकण उघडं, आत साखरेची रास, आणि खिडकीतून ओट्यापर्यंत काळ्या मुंग्यांची रांग लागलेली. त्या साखर नेत होत्या. साखरेबरोबर माझ्या मुंग्याही नेत होत्या. कुणाचं नुसतं डोकं, कुणाचं नुसतं धड. दोनशेच्या आसपास होत्या माझ्या.

मी ओरडले. शेजारची दारं उघडली इतकी ओरडले.

अत्ती भिंतीला टेकून उभ्या होत्या. "निपचित पडल्या हुत्या गं. डबा हलवला तरी हलंनात. म्हटलं, उपाशी मरायल्यात. आन् गोडाची सवय लागली तर जीव मारायचं तरी सोडतील."

म्हणजे अत्ती माझ्या मुंग्यांना शाकाहारी करायला निघाल्या होत्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी म्हटलं, "तुमच्या पुण्यानं माझ्या मुंग्या खाल्ल्या, अत्ती." असं मी त्यांना तीस वर्षांत कधी बोलले नव्हते. बोलल्याचं वाईट वाटतं, पण खोटं बोलले असं आजही वाटत नाही.

ओल्या ब्रशनं काळ्या मुंग्या एकेक उचलून काढल्या. सगळ्यात आतल्या खळग्यात राणी सापडली. एक मिशी तुटलेली, पण जिवंत. तिच्याभोवती सात मुंग्या आणि सहा पांढरे कोष. बस्स.

"आता तरी सोडून दे," हे म्हणाले.

"सोडू कुठं? दारात काळ्या मुंग्यांच्या पंगती बसल्यात."

सात जणींना कोष सोडून शिकारीला जाता येईना. म्हणजे किडा मारून त्यांच्या तोंडाशी ठेवायला हवा, तोही ताजा, दिवसातून दोनदा. त्या उन्हाळ्यात तो तासाभरात वाळून जायचा. नाहीतर राणी जाणार, आणि राणी गेली की संपलं. मी रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं, मी खरं कारण सांगितलं. रजा मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्याला पर्स लावून मी डब्यापुढं उभी होते, रागानं डोळे भरलेले. अत्ती पूजा आटपून आल्या आणि खाली बसल्या.

"दाव."

"काय?"

"कसं मारायचं ते दाव."

मी पर्स खाली ठेवली आणि दाखवलं. ओल्या ब्रशच्या टोकानं किडा उचलायचा, सुईनं हलकेच दाबायचा, मुंगीच्या पुढ्यात ठेवायचा. आयुष्यभर वाती वळलेला त्यांचा हात जराही हलला नाही. तोंडानं शिवाचं नाव घेतलं आणि दाबला. मला वाटलं, चला, शेवटी पटलं बाई ह्यांना.

"पटलं म्हणून करत न्हाई मी," त्या म्हणाल्या. "माझ्या हातनं झालंय, माझ्याच हातनं निस्तरते. तू जा हापिसला."

संध्याकाळी आले तर भाकरी झाकून ठेवलेली तशीच. अत्तींनी सकाळपासून अन्न घेतलं नव्हतं. जीव घ्यायचा त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत जेवायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"आणि बीपीची गोळी?"

"घेतली की ताकासंगं."

तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. ह्या वयात, ह्या उन्हात! मी म्हटलं, "नका करू, अत्ती. मरू द्या त्या मुंग्या." मरू द्या! जगभर भांडून ठेवलेल्या मुंग्यांबद्दल हे मी बोलले.

"मरू द्या म्हणणारी तू कोण? एवढं मारून बसले ते काय हौस म्हणून?"

खालच्या मजल्यावरच्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि अत्तींना किडा दाबताना बघून गालाला हात लावून म्हणाल्या, "आजी, तुम्हीसुद्धा जीव मारता?"

"व्हय, मारते. मीच मारते आन् मीच उपाशी ऱ्हाते. तुझं काय जातंय?"

बाई साखर न घेताच गेल्या.

असे चौदा दिवस गेले. रोज सकाळी मी भांडायचे, रोज त्या ऐकायच्या नाहीत. कोष जरा पिवळसर झाले होते, पण हलत नव्हते. अत्तींच्या बांगड्या मनगटावरून खाली घसरायला लागल्या होत्या, आणि मी राणीकडं बघायच्या आधी त्यांच्या मनगटाकडं बघायला शिकले होते.

पंधराव्या दिवशी कचेरीत दुपारच्या सुट्टीत फोन वाजला. अत्ती स्वतः फोन कधी लावत नाहीत. मी उभं राहूनच उचलला.

"आठवी निघाली गं."

मी फोन कानाला आणखी दाबला.

"पांढरीफटक हाय. पाय धड टाकता येईना तिला. बाकीच्या चाटायल्यात."

"राणी?"

"बसलीय की बाजूला."

"मग आता जेवा, अत्ती. झालं ना सगळं. जेवा."

"आज दोन मारलेत सकाळी. दिवस मावळल्यावर जेवते." आणि फोन ठेवला.

माझ्यापुढं जेवणाचा डबा उघडलेला होता. मी झाकण लावलं आणि डबा पिशवीत टाकला.

"आज कसला उपास?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"मुंग्यांचा," मी म्हटलं. "हसायचं असेल तर हसा."