हेमंत मोजणी ऐकायचा

त्या शनिवारीही सकाळी सातला मी नेहमीसारखा हेमंतला फोन लावला, तिकडून उचलल्याचं दिसताच स्पीकर चालू करून तो बाकावर ठेवला आणि मुलांना म्हटलं, "चला, मोजा." घाटकोपरच्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं छोटंसं मैदान आहे. मॉल उघडण्याआधी, सकाळचा एक तास मी तिथे दहा-बारा वर्षांच्या मुलांना आइस हॉकी शिकवतो. मुलांनी चार वेळा वीसपर्यंत मोजलं. तिकडून आवाज नव्हता, पण त्यात नवीन काही नव्हतं. मोजणी संपेपर्यंत हेमंत कधीच बोलायचा नाही. मग शुभाताईचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला. "सतीश, पोरांना जरा बाजूला पाठव रे. हेमंत गेला... पहाटे, झोपेतच." आमची मोजणी संपायची वाट बघत ती तेवढा वेळ थांबली होती. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील.

आम्ही दोघं विक्रोळीचे. आमचे वडील एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. कॉलनीतल्या सिमेंटच्या बॅडमिंटन कोर्टावर चाकांचे स्केट्स घालून, कुणी हाकलेपर्यंत आम्ही हॉकी खेळायचो. कोकणातून आलेल्या आमच्या घरांना बर्फ ठाऊक होता तो फक्त माशांखालचा. तरीही एकविसाव्या वर्षी आमचा संघ लेहला खऱ्या बर्फावर खेळायला गेला. कप्तान मी. हेमंत आमच्यात सगळ्यांत वेगवान, पण मान खाली घालून पळायचा. आमच्या खेळात चेंडूऐवजी असते त्या चकतीशिवाय त्याला काही दिसायचं नाही. पहिल्याच सामन्यात समोरच्याने धडक दिली आणि त्याचं डोकं मागे बर्फावर आपटलं. उठला, हसला, कडेला जाऊन ओकला. मी म्हणालो, "काही नाही रे, थंडी बाधलीय. तोंडावर पाणी मार आणि ये." तो आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आपटला. ते वाक्य माझं होतं, आणि इतक्या वर्षांत ते दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवायची सोय मला सापडलेली नाही.

त्यानंतरचा हेमंत मुलुंडला, शुभाताईच्या घरातल्या मागच्या खोलीत राहिला. ट्यूबलाइट सहन होईना, मिक्सर लागला की डोकं धरून बसायचा. खिडकीच्या काचांना शाळेच्या पुस्तकांना घालतात तो खाकी कागद चिकटवलेला. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, कागद तेवढा राहिला. बऱ्या दिवशी तो संध्याकाळी खाली एक फेरी मारून यायचा. बरे दिवस थोडे असायचे. मी दर गुरुवारी जायचो. तासाभरात मलाच त्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं, बाहेर पडल्यावर सुटल्यासारखं वाटायचं, आणि जिना उतरेपर्यंत त्या सुटण्याची लाज वाटायची. एकदा तो म्हणाला, "सत्या, तू नसतं सांगितलंस तरी मी गेलोच असतो. उगाच तोंड पाडून बसू नकोस ना यार." त्याने मला मोकळं केलं खरं, पण मी काही सुटलो नाही.

गेल्या वर्षी ओवी नावाची माझी अकरा वर्षांची खेळाडू कठड्यावर आपटली. उठून म्हणाली, "काही नाही झालं, सर." या वेळी मी तिला बाहेर बसवलं आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत महिनाभर बर्फावर पाऊल ठेवू दिलं नाही. हेमंतला हे सांगितलं तर तो उठून बसला. "बाहेर बसवलंस ते झकास केलंस. पण आपटायच्या आधीचं काय?" मग त्या खोलीतून त्याचं काम सुरू झालं. शुभाताई मोबाइलवर शोधून वाचून दाखवायची, ओळखीच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊन चुका सुधारायच्या, आणि प्रत्येक व्यायाम तो आधी स्वतःच्या मानेवर करून बघायचा. हेल्मेट कवटी सांभाळतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच, असं त्याचं म्हणणं. फळ कमी हलायला हवं तर देठ घट्ट हवा. व्यायाम केला की डोकं सांभाळलंच, असं तो चुकूनही म्हणाला नाही. धोका थोडा कमी होईल, एवढंच. पण त्या थोड्यासाठी तो हटून बसला. जोडीदाराने कपाळावर तळहात धरायचा आणि वीस मोजेपर्यंत तो मानेने ढकलायचा; मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. शेवटी एका पायावर तोल सांभाळत नजर समोर ठेवायची. त्याने माझ्याच कपाळावर हात धरून मला मोजायला लावलं. "बघ, बाराच्या पुढे आवाज कसा दबतो. आवाज दबला की समजायचं, मान काम करतेय." त्याला येणं शक्य नव्हतं, म्हणून फोन ठरला. मुलांनी मोठ्याने मोजायचं, त्याने फोनचा आवाज बारीक करून ऐकायचं.

दीड महिना आम्ही ते इमानाने केलं. मग स्पर्धा जवळ आली. तासातली पंधरा मिनिटं व्यायामात जातात म्हणून काचेपलीकडचे पालक घड्याळं दाखवायला लागले, आणि एका शनिवारी मी मुलांना म्हणालो, "मोजत मोजत लेस बांधा." ओवीने विचारलं, "सर, हात नाही धरायचा?" "आज नको," मी म्हणालो. तो 'आज' चार महिने चालला. मुलं लेस ओढत खणखणीत आवाजात वीसपर्यंत मोजायची आणि फोनमधून हेमंत म्हणायचा, "शाब्बास रे पोरांनो." गुरुवारी त्याच्यासमोर बसलो की मी स्पर्धेच्याच गप्पा काढायचो. सांगावं तर त्याचा सगळा जीव ज्यात होता तेच खोटं ठरणार. न सांगावं तर पोरांच्या डोक्यांशी खेळ. दर आठवड्याला सांगणं आणखी अवघड होत गेलं. स्पर्धेनंतर पुन्हा सुरू करू, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. स्पर्धा झाली, आम्ही हरलो, आणि तरीही मी सुरू केलं नाही...

तेराव्यानंतर मुलुंडला गेलो आणि शुभाताईला सगळं सांगून टाकलं. तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही सोडलंत त्या पहिल्या शनिवारपासून त्याला माहीत होतं रे. म्हणाला, नुसतं मोजतायत, करत कोणी नाही."

"मग मला झापलं का नाही त्याने?"

"मीपण तेच विचारलं. तर म्हणतो, बोललो तर सत्या लाजेने फोनच बंद करेल. मग शनिवारी मी ऐकू काय?"

त्यानेच मला तो दबलेला आवाज ओळखायला शिकवलं होतं, आणि मी त्यालाच खणखणीत आकडे ऐकवत होतो. मला रडू आलं नाही. स्वतःची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही. माफी मागायची ती कुणाकडे, हा प्रश्न घेऊन मी त्या रिकाम्या खोलीत थोडा वेळ बसलो.

पुढच्या शनिवारी मुलांना खरं काय ते सांगितलं. आता पंधराच्या पंधरा मिनिटं व्यायाम होतो. दोन पालकांनी मुलं काढून घेतली, घेऊ देत. शुभाताईने हेमंतचा नंबर चालू ठेवलाय. सातला मी फोन लावतो, ती उचलते, मागच्या खोलीत त्याच्या उशीजवळच्या स्टुलावर ठेवते आणि पोळ्या लाटायला जाते. खिडकीचे कागद तिने अजून काढलेले नाहीत. गेल्या शनिवारी मात्र ती खोलीतच थांबली असावी. ओवीच्या कपाळावर मी हात धरला होता. नजर समोर ठेवून ती ढकलत होती. बाराला तिचा आवाज बारीक झाला, सतराला जेमतेम ऐकू आला, वीस तर नुसत्या ओठांवर. बाकी मुलांचंही तेच. चौथी मोजणी संपली आणि बाकावरच्या फोनमधून ताई बोलली.

"सतीश, आज पोरांचा आवाज असा दबल्यासारखा का येतोय रे? बरी आहेत ना सगळी?"

"बरी आहेत, ताई," मी म्हणालो.