दाजींचं वाय-फाय

घरातलं वाय-फाय कसं राखावं हे अख्ख्या कर्जत-खालापूर पट्ट्यात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. भिवपुरीच्या वीजकेंद्रात त्यांची तीस वर्षं गेली. तिथे परवानगीच्या चिठ्ठीशिवाय कुणी बटणाला हात लावत नसे. निवृत्तीनंतर घरात राउटर आला आणि दाजींची ड्युटी पुन्हा सुरू झाली. खोक्यामागे छापलेला पासवर्ड त्यांनी जोडायला आलेल्या माणसासमोरच बदलला. "हा तुमालाबी ठावूक, मलाबी ठावूक. मग कुलूप कशाला?" असं विचारून, चहा पाजून त्याला वाटेला लावलं. तेव्हापासून दर सोमवारी नवा पासवर्ड, तोही बावीस अक्षरी. सख्खा मेहुणा या नात्याने मी एकदा मागून पाहिला, तर म्हणाले, "तुझ्या फोनात कायबाय भरलेलं असतं. आधी तो साफ कर, मग बघू." मी दोन दिवस राहिलो आणि दोन्ही दिवस वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढलं.

रोज सकाळी अंघोळ, बुद्धवंदना आणि लगेच जोडलेल्या फोनांची तपासणी, हा त्यांचा क्रम. एके दिवशी त्या यादीत एक परका फोन निघाला. दाजींनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. दुपारी तो फोन पुन्हा हजर. नवा पासवर्ड तर घरात दोघांनाच माहीत होता. दाजी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. अक्का भाकरी थापत होती. तिने मानही वर केली नाही.

"मीच दिला, शेजारच्या मावशीला. पोरगा जहाजावर हाय तिचा. घरात रेंज नाय, म्हणून आपल्या परसात बसून बोलते त्याच्याशी."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर दिला असता?"

दाजी तसेच बाहेर आले. मला फोन करून म्हणाले, "माझ्या पाळीत असं कधी झालं नव्हतं रं." मला वाटलं, संपलं मावशीचं बोलणं. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क उघडलं, घरच्या फोनांपासून पूर्ण अलग. त्याचा पासवर्ड वहीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिला आणि स्वतः नेऊन दिला. "जयभीम मावशी. हा तुमचा. कुणी फोन करून मागितला तर सांगायचा नाय." मग राउटर हॉलमधून उचलून मागच्या खिडकीत नेला. हॉलमधला टीव्ही तेव्हापासून अडखळतो. दाजी म्हणतात, अडखळू दे.

गेल्या वर्षी पोरगा परतला आणि आईला पनवेलला घेऊन गेला. परवा मी गेलो, तर पाहुण्यांचं नेटवर्क माझ्या फोनवर अजून दिसत होतं.

"वापर नसेल तर बंद करावं, हे तुमीच सांगता ना?" मी विचारलं.

दाजी खिडकीतून शेजारच्या बंद घराकडे बघत राहिले.

"भीमजयंतीला मावशी येणार हाय," ते म्हणाले. "आल्या आल्या, पोचले म्हणून पोराला फोन लागला पायजे."