बैलाच्या शिंगाचा जंबिया

हिजामचा दिवस फजरच्या, पहाटेच्या बांगेआधी सुरू व्हायचा. अंधारातच तो खाणीवर पोचायचा, कारण ऊन चढलं की दगड तापतो आणि घामाने घण हातातून निसटतो. मी त्याच्या डाव्या हाताला काम करायचो. आमच्या गावाच्या, रुक्ब्याच्या डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी शेतं आहेत. ती धरून ठेवणारे दगडी गडगे आम्ही रचायचो. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड बसवायचा आणि मागे चिपांची भरती करायची. भरती आळसाने केली तर वर चालताना दगड हलतो, खडखडतो. आमच्यात म्हणतात, गडगा बोलला. हिजामचा गडगा कधी बोलला नाही.

पहिल्या दोन हंगामांच्या मजुरीतून त्याने जंबिया घेतला. साधं चामड्याचं म्यान, मूठ बैलाच्या शिंगाची. गेंड्याच्या शिंगाची मूठ श्रीमंतांकडे असायची. शाइफ तेव्हा आमच्याबरोबर दगड वाहायचा. त्याने मूठ निरखून पाहिली.

"गेंड्याची नाही रे ही. बैलाची आहे."

"बैल तर बैल. माझ्या कमाईचा आहे."

"लग्नात उभा राहिलास तर पोरी हंबरतील."

हिजाम हसला आणि पट्टा आवळून कामाला लागला.

मग लढाई आली. हिजाम सेनापती झाला तो भाषणं करून नाही. खिंडीत सरकारी फौज चढत होती तेव्हा त्याने पोरांना हाताशी धरून दगडांचे मोर्चे रचले, आणि ते तोफेला टिकले. त्यानंतर लोक त्याचं ऐकू लागले. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तो एकेका चौकीचा दगड हाताने हलवून बघायचा. हलला तर त्या चौकीच्या पोरांना नाश्ता नाही. शाइफ त्याचा उजवा हात होता. शाइफची आई हमामा रात्रंदिवस भाकऱ्या भाजून खिंडीत पाठवायची. हिजामला आई नव्हती. तो तिला आत्या म्हणायचा.

पुढे तह झाला. लढणाऱ्यांच्या वाट्याला सरकारातल्या काही खुर्च्या आल्या, त्यातली बांधकाम खात्याची हिजामकडे आली. शपथेच्या दिवशी राजवाड्यातून प्रत्येक नव्या मंत्र्याला एकेक जंबिया मिळाला. म्यानावर सोन्याचं काम, मूठ गेंड्याच्या शिंगाची, दुधाळ पिवळी. शिंगाचा जंबिया पेटीत गेला. मी एकदा राजधानीत त्याच्या घरी गेलो तर साहेब पहाटे उठून अंगणात येरझारा घालत होते. पहारेकरी झोपलेला. "कामाला कुणी येतच नाही इतक्या लवकर," हिजाम म्हणाला. उठायची सवय राहिली होती, हाताला काम नव्हतं.

एक काम मात्र त्याने धरलं. रुक्ब्यापर्यंत गाडीरस्ता. किनाऱ्याकडचा नदीम नावाचा तरुण इंजिनियर त्याने पाठवला. यंत्रांची चोरी होऊ लागली तेव्हा हिजामनेच फौजेला सांगून खालच्या वळणावर नाकं बसवलं.

त्याच नाक्यावर शाइफचा मुलगा हमूद मेला. मोटरसायकलवरून कातच्या, चघळायच्या पाल्याची जुडी घेऊन उतरत होता. शिपायाने थांब म्हटलं. उतार मोठा, ब्रेक धरेना. शिपायाने गोळी घातली.

शाइफने मुलाला पुरलं आणि हिजामची वाट बघितली. हिजाम आला नाही. कर्जाच्या बोलण्यांसाठी तो परदेशात होता. त्याच्या सचिवाने तांदळाची पोती आणि मेंढ्या पाठवल्या. शाइफने मेंढ्या गाडीतून उतरूच दिल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्याने नदीम इंजिनियरला उचलून घरी आणला. मागणी एकच होती, गोळी घालणारा शिपाई आणि त्याचा अधिकारी कबिल्याच्या पंचांसमोर उभे राहावेत.

फौज डोंगराच्या पायथ्याशी आली. तोफा लागल्या. निरोप आला, मगरिबच्या, सूर्यास्ताच्या बांगेपर्यंत इंजिनियर सुटला नाही तर रुक्बा उडवू. बायका पोरांना घेऊन गुहांकडे निघाल्या. हमामा निघाली नाही.

त्या दुपारी हिजाम आला. गाडी वळणावर सोडून पायी चढला. सोबत कुणी नाही. कोट घातलेला, कमरेला सोन्याच्या म्यानाचा जंबिया. दम लागला होता, तरी वाटेत बसला नाही.

शाइफच्या बैठकीत आम्ही सात-आठ जण होतो. नदीम कोपऱ्यात सगळ्यात चांगल्या लोडाला टेकवला होता. पकडलेला असला तरी तो पाहुणाच. हमामा त्याच्यासमोर भाकरी घेऊन बसली होती.

"खा रे. तुझी आई म्हणेल, रुक्ब्यात उपाशी ठेवला."

"भूक नाही, आजी."

"मरायचंय तर पोट भरून मर. रिकाम्या पोटी मेलेला माणूस आमच्या नावाला बट्टा लावतो."

हिजाम आत आला. सलाम केला. सगळ्यांनी उत्तर दिलं, शाइफने सोडून.

"ये, मंत्रीसाहेब," शाइफ म्हणाला. "तांदूळ आणलास?"

हिजामने ते गिळलं. खाली बसला.

"शाइफ, चूक झाली. मी यायला हवं होतं. हमूद माझ्या मांडीवर वाढला."

"पुढे बोल. सूर्य बघ कुठे आलाय."

खिडकीतून समोरचा कडा दिसत होता. उन्हाची रेघ कड्याच्या निम्म्यावर चढली होती.

"शिपाई आणि अधिकारी, दोघांना पंचांसमोर आणतो. मला दिवस लागतील. इंजिनियरला आत्ता सोड. हा माझा शब्द." त्याने पट्टा सोडला आणि म्यानासकट जंबिया शाइफच्या पुढ्यात ठेवला.

आमच्यात जंबिया ठेवला की बोलणं संपतं. दुसऱ्याने तो उचलला की शब्द स्वीकारला. शब्द मोडला तर जंबिया परत मिळत नाही, आणि मोडणारा माणूस उरलेलं आयुष्य कमरेला काहीच न बांधता फिरतो. रक्ताची किती भांडणं अशी थांबलेली मी बघितली आहेत. मला वाटलं, सुटलो.

शाइफने हात लावला नाही.

"हा कुणाचा?"

"माझा."

"कुठल्या मजुरीचा?"

हिजामने म्यानावरच्या सोन्याकडे बघितलं.

"राजवाड्याने दिला ना? शब्द मोडलास तर राजवाडा दुसरा देईल. यात लाज कुणाची जाणार, हिजाम? सोनाराची?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"शिंगाचा कुठाय रे?" हमामाने विचारलं.

"पेटीत आहे, आत्या. राजधानीत."

"पेटीत मेलेल्या माणसाचे कपडे ठेवतात." तिने भाकरी झाकून ठेवली.

हिजामने मान खाली घातली. मी त्याला खिंडीत तोफेखाली बघितलं होतं. तेव्हाही तो असा दिसला नव्हता. राजधानीहून पेटी यायला दीड दिवस लागला असता. ऊन कड्याच्या माथ्याकडे सरकत होतं. खालून कर्ण्यावर एक आवाज काहीतरी सांगत होता, शब्द कळत नव्हते. नदीम हलकेच दुआ पुटपुटायला लागला.

"बाहेर उभा राहून सांग त्यांना," शाइफ म्हणाला, "पोरगा जाऊ शकतो, पण त्याच्याबरोबर हमूदचा खुनी वर येईल. जमतंय?"

"नाही जमणार. आजच्या आज नाही."

"मग बस. मरू सगळे मिळून. तूही खाशील तुझ्या सरकारचे गोळे."

हिजामने कोट काढला. घडी घालून बाजूला ठेवला. मग शाइफच्या पुढ्यातला जंबिया उचलून नदीमच्या हातात दिला.

"हा खाली अधिकाऱ्याला दे. राजवाड्याचा आहे, राजवाड्याला पोचवायला सांग. म्हणावं, हिजाम बिन नाजी मंत्री राहिलेला नाही. तो स्वतःच्या पायाने वर आलाय आणि निकाल लागेपर्यंत वरच राहणार आहे. गोळा टाकायचा तर माझ्यावर टाका, मी गच्चीत बसतो."

"हिजाम," शाइफ म्हणाला, "मी तुला मागितलेला नाही."

"माझ्याकडे ठेवायला दुसरं काही नाही. जे आहे ते ठेवतोय. उचल नाहीतर राहू दे."

 शाइफ नदीमकडे वळला. "ऊठ. वाट डावीकडून धर, उजवीकडे तुमच्या रस्त्याच्या सुरुंगाने दरड सैल झालीय. पळू नकोस, पळणाऱ्यावर गोळी घालतात ते."

हमामाने भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात कोंबली.

आम्ही गच्चीवर गेलो. हिजाम कठड्याला टेकून उघड्यावर बसला, खालून स्पष्ट दिसेल असा. नदीम उतरत होता. तो सावकाश चालत होता आणि त्याची पाठ ताठ होती. ऊन कड्यावरून गेलं. मशिदीत बांग सुरू झाली. कुणी नमाजाला उठलं नाही. खाली नदीम तंबूंपाशी पोचला, माणसांची गर्दी झाली, मग काहीच हललं नाही. तोफांची तोंडं तशीच वर होती. शाइफ येऊन हिजामच्या शेजारी बसला.  अंधार पडत आला तेव्हा गाड्यांचे दिवे लागले आणि एकेक करून ते दिवे मागे वळले.

पुढच्या आठवड्यात रेडिओवर नव्या बांधकाम मंत्र्याचं नाव आलं. शिपायाची बदली झाली. अधिकाऱ्याला कुणी विचारलंही नाही. पंच दोन शुक्रवार बसले आणि रिकाम्या जागेकडे बघून उठले.

"जा आता घरी," शाइफ म्हणाला. "तुला ठेवून मला काय मिळायचंय?"

"निकाल लागलेला नाही."

"लावणार कोण?"

"लागेल."

हिजाम गेला नाही. दगड घडवायची माझी सुतकी मागून घेतली आणि कामाला लागला. रस्त्याच्या सुरुंगांनी गावाचे बरेच गडगे ढासळले होते. लोकांनी त्याला रोजावर लावलं. जो रोज मला, तोच त्याला. खुर्चीने त्याचे हात मऊ केले होते. पहिल्या दिवशी तळवे फुटले. त्याने रचलेल्या पहिल्या गडग्यावर मी चढून चाललो आणि गडगा बोलला.

"ऐकलंस?" मी म्हटलं.

"बहिरा नाही मी." त्याने दुपारी सगळा गडगा खाली ओढला आणि पुन्हा पायापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा बोलला, पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा गप्प राहिला. तीनदा रचला तरी त्या गडग्याची मजुरी त्याने एकदाच घेतली.

बायकोने राजधानीहून विचारलं, पेटीतला जंबिया पाठवू का. त्याने कळवलं, नको, शब्द अजून पुरा झालेला नाही. ज्वारीची दोन पिकं निघाली, तो कमरेला काही न बांधता गावात वावरला. पोरं चिडवायची, तो ऐकून घ्यायचा.

दुसरं पीक निघाल्यावर एका शुक्रवारी तो पंचांसमोर उभा राहिला.

"शिपाई येणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. पण नाकं मी मागितलं होतं. उतारावर नाकं नको, सपाटीला हवं, हे पाथरवटाला कळायला हवं होतं. माझ्यावर लावा निकाल."

पंचांनी लावला. शाइफच्या दारात बैल कापून माफी मागायची, आणि शाइफला हवं तर तो नाही म्हणू शकतो.

हिजाम बाजारातून तांबडा बैल घेऊन आला. शाइफच्या दारात उभा राहिला. शाइफ उंबऱ्यावर होता, मागे हमामा.

"कुठल्या मजुरीचा?" शाइफने विचारलं.

"गडग्यांच्या."

शाइफने बैलाच्या शिंगावरून हात फिरवला आणि बाजूला सरला. हिजामकडे सुरी नव्हती. शाइफने स्वतःचा जंबिया काढून त्याच्या हातात दिला.

रीतीप्रमाणे दोघांच्याही घरात मांस शिजलं नाही, ते गरिबांना वाटलं. दोन पिकांच्या मजुरीतून हिजामने घेतलेली ती एकच वस्तू, एक तांबडा बैल, आणि तो संध्याकाळपर्यंत संपला.