राखेचा दहिया

वर्गातल्या डिजिटल फळ्यावर बाबाचा अंगठा दिसला.

नखाला चीर गेलेला तो अंगठा मी कुठंही ओळखीन. त्याच्या चिमटीत आमच्या कपाशीचं पान, पांढुरकं. नागपुरातल्या आमच्या कृषी विद्यालयात पीक संरक्षण शिकवणाऱ्या सरांचा हुकूम होता, घरच्यांना वर्गाच्या ग्रुपवर पिकाचे फोटो टाकायला सांगा. फोटो फळ्यावर घ्यायचा, ॲपला विचारायचं, ॲप म्हणेल ते तिथूनच ग्रुपवर परत. पाहुणे आले की हाच तास दाखवायचे.

ॲप म्हणालं, दहिया. पानावर दह्याचे शिंतोडे उडाल्यासारखी दिसणारी बुरशी. खाली औषधाचं नाव आणि ‘ताबडतोब फवारा’. सरांनी बोट टेकवलं. गेलं.

मी उभी राहिले. "सर, ती राख आहे."

आमचं गाव वीज केंद्राच्या वाऱ्यात येतं. दोरीवरच्या कपड्यांवर राख, भाकरीच्या टोपलीवर राख, पिकावर राख.

"ॲपनं तुझ्याहून जास्त पानं पाहिली आहेत."

"दहिया पानाच्या खालून धरतो, तुम्हीच शिकवलं. हा फोटो तर वरच्या बाजूचा आहे."

"मशीनलेच शिकवून राहिली वं ही!" मागून एक जण ओरडला. वर्ग हसला. सरही हसले.

त्या औषधाची मला भीती नव्हती. भीती होती बाबाच्या सवयीची. पंप पाठीवर घेतोच आहे तर घरात उरलेलं कीटकनाशकही त्यातच ओतायचं. गेल्या हंगामात असंच मिसळलं, तोंडाला काही न बांधता फवारलं आणि बांधावर कोसळला. त्याच्या तोंडातून गळणारा फेस मी माझ्या ओढणीनं पुसला आहे.

"सर, मोबाईल द्या. बाबाला फोन करायचाय."

आमचे मोबाईल टेबलावरच्या कुलूपबंद डब्यात. अख्खा तास मोबाईलच्या जिवावर चालवायचा आणि विद्यार्थ्यांचे मोबाईल जप्त! "बस खाली. तास संपू दे." यावर मी जे बोलले ते लिहिण्याजोगं नाही. पण डबा उघडला.

फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. बर्डीच्या स्टँडवरून गावाची बस धरली. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी शेजारच्या बाईनं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि नंबर दाबून दिला.

"कोण आहे वं दवाखान्यात?" तिनं विचारलं.

"अजून कोणी नाही," मी म्हणाले.

बाबा शेतात कडुनिंबाखाली बसला होता. पंप बाजूला, रिकामा. डोळे लालभडक.

"काहून पळत आली वं?"

"फवारलं?"

"मंग? तुह्याच शाळेतून तर आलं. मले काई नाई झालं. जरासं गरगरून राहिलं."

"पंपात अजून काय टाकलं होतं?"

त्यानं कीटकनाशकाची रिकामी बाटली पायानं मागे सारली.

त्याचे कपडे उतरवले, साबणानं अंग धुतलं, शेजाऱ्याच्या गाडीवर मध्ये बसवून दवाखाना गाठला. वाटेत त्याचं डोकं माझ्या छातीवर कलंडत होतं आणि मी सारखी त्याला हाक मारत होते. वाचला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं म्हणून.

परत आल्यावर न फवारलेल्या ओळीतलं एक पान बोटानं पुसलं. खाली लख्ख हिरवं. दहिया माझ्या बोटाला लागला होता.

आता मी पत्रकं वाटते. आधी पान पुसा, मग फोटो काढा. एका पंपात दोन औषधं नको. एक सरांनाही दिलं. त्यांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, वर अंगठ्याची खूण. ॲप तेच आहे. तासही तोच.

काल पुन्हा वारा फिरला आणि सकाळी कपाशी पांढरी झाली. बाबानं खिशातून मोबाईल काढला, पान चिमटीत धरलं.

"बाबा, पुस आधी!" मी बांधावरून ओरडले.

"पुसतो ना वं," तो म्हणाला, आणि फोटो काढला.