बाई, घरात सांगू नगासा

आपण फार चांगल्या शिक्षिका आहोत, असं मला जरा लवकरच वाटायला लागलं होतं. नोकरीला तीनच वर्षं झाली होती. बाकीच्या शिक्षिका धडे संपवतात आणि मी मुलांना कादंबऱ्या वाचून दाखवते, याचा ताठा माझ्या चालण्यातसुद्धा दिसत असावा. गोष्ट सत्तरच्या दशकातली. कोल्हापुरातली शाळा, सातवीचा वर्ग, आणि शनिवारचा शेवटचा तास माझा.

त्या वर्षी लावलेली कादंबरी अशी होती : मूल नसलेलं एक कुंभार जोडपं एका अनाथ मुलाला घरी आणतं. मुलगा सांगतील ते काम करतो, पोटभर जेवतो, पण येताना आणलेलं कपड्यांचं गाठोडं काही केल्या सोडत नाही. मी पुस्तक मिटून विचारलं, "का सोडत नसेल?" हुशार मुलांनी हुशार उत्तरं दिली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती मूळची नेसरीकडची. लांबच्या चुलत्यांना मूल नव्हतं, त्यांनी तिला दोन वर्षांपूर्वी दत्तक घेऊन कोल्हापुरात आणलं होतं. वर्गात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकला होता.

"परत धाडलं तर म्हणून, बाई," ती म्हणाली. "मी पन ट्रंकेत भाकरी ठेवत हुतो. येष्टीत भूक लागंल की."

मुलगी असून 'हुतो'. इकडे बायका तशाच बोलतात. तिच्या शेजारणीनं सरकून तिला ऐसपैस जागा करून दिली. मला भरून आलं. खरं सांगायचं तर त्यात तिच्यापेक्षा माझ्या शिकवण्याचं कौतुक जास्त होतं.

तास सुटल्यावर ती टेबलाशी आली. "बाई, ते घरात ठावं न्हाय. सांगू नगासा."

"नाही गं सांगणार," मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी तपासणी आली. तपासणी काय असते ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. भिंती झाडायच्या, फळे काळे करायचे आणि तपासायला येणाऱ्या साहेबांसमोर घ्यायचा पाठ आधीच घोटून ठेवायचा. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. ही युक्ती सगळेच करत, मीही करत असे. मी गाठोड्याचं प्रकरण निवडलं आणि तिला बोलावून म्हटलं, "त्या दिवशी म्हणालीस ते साहेबांसमोर म्हण." ती खाली बघत राहिली. "घरी कुठं सांगतोय आपण?" मी म्हटलं. साहेब म्हणजे काही घर नव्हे, ही पळवाट मला तेव्हा चक्क पटली होती. बाईंना नाही म्हणायची तिची काय बिशाद. तिचं वाक्यही मी नीटनेटकं करून दिलं. 'मीसुद्धा माझ्या ट्रंकेत भाकरी लपवून ठेवत असे.' तीन दिवस तिच्याकडून ते पाठ करून घेतलं.

तपासणीच्या दिवशी तिनं उजवा हात वर केला, उठली आणि कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं. 'भाकरी'च्या आधी जरा थांब, असं मी शिकवलं होतं. तिथं ती थांबली. साहेबांनी चष्मा काढून पुसला, शेरेबुकात माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या, आणि मुख्याध्यापकांनी त्या सर्वांना वाचून दाखवल्या. घरी जाताना मी पेढे घेतले. लाज वाटते सांगायला, पण घेतले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची आई आली, म्हणजे जिनं तिला दत्तक घेतलं होतं ती. गल्लीतल्या नळावर कुणाच्या तरी मुलीनं सगळं सांगून टाकलं होतं. बाई भांडायला आली असणार, असं धरून मीच आधी आवाज चढवला. "अहो, कौतुक झालंय तुमच्या मुलीचं."

ती भांडली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मला ठावं हुतं, बाई. पयल्याच आठवड्यात ट्रंक झाडताना भाकरी घावली. मग ती साळंला गेली की शिळी काढायची, ताजी ठेवायची, फडकं हुतं तसं गुंडाळायचं. आठ म्हैनं केलं. तिला इचारलं न्हाय. मग एक दिवस तिनंच ते फडकं धुवायला टाकलं. त्या दिवशी मी देवाफुडं साखर ठेवली."

मी खुर्चीतून उठून तिला आत बसायला खूण केली, पण ती दारातच राहिली.

"नळावर बायका बोलल्या तवा ती माज्या संगट हुती. मी तिला काय बोललो न्हाय. ती बी न्हाय. आज सकाळी ट्रंक उघडली, तर परत भाकरी हाय."

"मी बोलते तिच्याशी," मी म्हटलं. "मी तिला नीट समजावून सांगते."

"नगं," ती म्हणाली. "तुमी आता काय बी करू नगासा."

तिनं पदर सावरला, मास्तरणीला करतात तसा मला वाकून नमस्कार केला आणि गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.